नेम : एका कारकिर्दीचे वाचन

मराठीत 'नेम' हा शब्द निदान तीन ठिकाणी भेटतो. गोफण किंवा बंदूक हाती असलेला माणूस नेम धरतो. व्रत घेतलेली बाई नेम करते आणि वारकरी एकादशीचा नेम चुकवत नाही. पावसाचा, बाजारभावाचा आणि सरकारी अनुदानाचा मात्र काही नेम नसतो. लक्ष्य, नित्यक्रम आणि भरवसा असे तीन अर्थ या दोन अक्षरांत एकत्र नांदतात. शब्दाला वाक्यातून बाहेर काढून न्याहाळण्याची खोड मराठीच्या प्राध्यापकांना असतेच. नांदेड आणि लातूर येथील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना प्रस्तुत लेखात हा शब्द एका नेमबाज स्त्रीच्या कारकिर्दीला लावून पाहायचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : स्त्री-खेळाडूविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात पहिल्या नेमाचा गौरव असतो, दुसऱ्या नेमाकडे दुर्लक्ष असते, आणि म्हणूनच तिसऱ्या अर्थाने तिच्या आयुष्याला काही नेम उरत नाही. हा दोष क्रीडा-पत्रकारितेपुरता नाही. तो आपल्या गद्याचा दोष आहे, आणि त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ज्यांच्या कारकिर्दीविषयी आम्ही बोलत आहोत त्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत. जन्म 1980 चा. 2006 साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी 10 मीटर एअर रायफल प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले आणि अवनीत कौर सिद्धू यांच्या साथीने दुहेरीतील सुवर्णही. ऑगस्ट 2010 मध्ये म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत 50 मीटर रायफल प्रोन या प्रकारात त्या विश्वविजेत्या ठरल्या. जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या दिवशी त्यांनी साठ गोळ्यांत 600 पैकी 597 गुण मिळवून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये सुवर्ण आणि प्रोनमध्ये रौप्य. आणि 2021 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, टोकियोत पहिले ऑलिम्पिक. तेथे त्या 33 व्या आल्या.

ही यादी पुरस्काराच्या प्रशस्तिपत्रात शोभावी अशी आहे. परंतु यादी म्हणजे कारकीर्द नव्हे. वरच्या तारखा पुन्हा वाचल्या की त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा दिसू लागतात. 2006 ते 2010 चार वर्षे. 2010 ते 2018 आठ वर्षे. आणि जागतिक अजिंक्यपदापासून ऑलिम्पिकच्या दारापर्यंत अकरा वर्षे. 2008 चे बीजिंग, 2012 चे लंडन, 2016 चे रिओ ही तीन ऑलिम्पिक या मोकळ्या जागांत येऊन गेली. वाचक म्हणून आमचे कुतूहल या जागांविषयी आहे. कादंबरी शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की घटनांच्या मधले बघा, पात्र तिथे घडते. मग चरित्र वाचताना हाच नियम आपण का सोडून देतो?

'कारकीर्द' हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. तो फारसीतून आला, आणि मराठीत दीर्घकाळ तो राजांचा व कारभाऱ्यांचा शब्द होता. अमुक पेशव्याची कारकीर्द, तमुक दिवाणाची कारकीर्द. राज्यारोहणाने ती सुरू व्हायची, पदच्युतीने वा मृत्यूने संपायची. मध्ये लढाया, तह आणि दानपत्रे. आज तो शब्द आपण डॉक्टरला, नटीला, खेळाडूला लावतो, पण साचा बखरीचाच राहिला आहे. खेळाडूची कारकीर्द लिहायची म्हणजे तिच्या लढाया सांगायच्या, जिंकलेले गड मोजायचे. त्यात रोजचा कारभार येत नाही. वस्तुतः फारसीत 'कार' म्हणजे काम. शब्दाच्या पोटात काम आहे, आणि आपण मात्र त्यातून फक्त राज्य तेवढे उचलले.

हे काम नेमके काय असते? प्रोन म्हणजे पालथे पडून, कोपरांवर भार देऊन गोळी झाडणे. लक्ष्य पन्नास मीटरवर. त्याच्या मध्यवर्ती वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. अंगात जाड, ताठर जाकीट, दंडाला आवळलेला पट्टा. श्वास अर्ध्यावर थांबवायचा, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी बोट हलवायचे. एकदा साधले म्हणजे झाले असे नाही. हे साठ वेळा करायचे, आणि साठही वेळा सारखेच. 597 या आकड्याचा अर्थ असा की त्या दिवशी साठ गोळ्यांत मिळून फक्त तीन गुण हातचे गेले. हे स्फूर्तीच्या झटक्यात होत नाही. तेच आसन, तीच पकड, तोच श्वास हजारो वेळा घोटवल्यावर ते अंगी मुरते. याला आपल्या भाषेत अचूक शब्द आहे : नेम. काकड आरतीचा असतो तसा, ओवी घोटवण्याचा असतो तसा. नेमबाजी पहिल्या अर्थाच्या नेमाने ओळखली जाते, पण चालते ती दुसऱ्या अर्थाच्या नेमावर.

येथे एका परदेशी खेळाशी तुलना उपयोगी पडेल. बायथलॉन या बर्फावरच्या खेळात स्पर्धक पाठीला रायफल बांधून स्कीवर काही किलोमीटर धाव घेतो, मध्ये थांबून पन्नास मीटरवरची पाच लक्ष्ये टिपतो आणि पुन्हा धावतो. रायफल .22 बोअरची, तेजस्विनी सावंत यांच्या प्रकारात असते त्याच जातीची, अंतरही तेच. फरक इतकाच की बायथलॉनमध्ये छाती भात्यासारखी हलत असताना नेम धरायचा असतो. पालथे पडून टिपायचे लक्ष्य 45 मिलिमीटरचे, उभ्याने टिपायचे 115 मिलिमीटरचे. स्प्रिंटसारख्या शर्यतीत नेम चुकला की प्रत्येक चुकीमागे 150 मीटरचा जादा फेरा. म्हणजे धावण्याची कमाई नेमबाजीत जाऊ शकते आणि नेमबाजीतली चूक पायांनी फेडता येते. जर्मनीत हा खेळ घराघरांत पाहिला जातो. तेथील माग्डालेना नॉयनर हिने 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली, बारा जागतिक अजिंक्यपदे जमा केली आणि 2012 साली पंचविसाव्या वर्षी ती निवृत्त झाली. लॉरा डालमायर हिने 2018 साली प्योंगचांग येथे दोन सुवर्णपदके मिळवली आणि तीही 2019 मध्ये पंचविसाव्या वर्षीच थांबली. पुढे ती गिर्यारोहणाकडे वळली. 28 जुलै 2025 रोजी काराकोरममधील लैला शिखरावर दरड कोसळून तिचा मृत्यू झाला.

या दोन जर्मन कारकिर्दी आणि एक कोल्हापूरची कारकीर्द शेजारी ठेवून पाहा. तिकडे पंचविसाव्या वर्षी सगळे मिळवून खेळाडू स्वेच्छेने दुसरे आयुष्य निवडते. इकडे पंचविसाव्या वर्षी पहिली मोठी आंतरराष्ट्रीय पदके, एकोणतिसाव्या वर्षी विश्वविजेतेपद आणि चाळिसाव्या वर्षी ऑलिम्पिक. तिकडची प्रतिभा मोठी आणि इकडची लहान, असा याचा अर्थ लावता येणार नाही. दोन्ही विश्वविजेत्याच आहेत. फरक भरवशाचा आहे. जिथे खेळाच्या वाटेवर लहानपणापासून मैदान, प्रशिक्षक, साधने आणि उपजीविका यांची सोय रांगेत उभी असते तिथे खेळाडूला लवकर थांबणे परवडते. जिथे यातली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे मिळवावी लागते तिथे तिला दीर्घकाळ टिकून राहावे लागते. टिकून राहणे हीच आपल्याकडच्या स्त्री-खेळाडूची मुख्य कामगिरी असते, आणि नेमकी तीच आपल्या लेखनातून गळते.

तेजस्विनी सावंत यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या प्रोन प्रकारात त्या जगात पहिल्या आल्या, तो प्रकार स्त्रियांसाठी स्वतंत्रपणे ऑलिम्पिकमध्ये कधीच नव्हता. पुरुषांसाठी तो 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत होता. विश्वविजेता पुरुष त्याच प्रकारात ऑलिम्पिकची उमेद धरू शकत होता. विश्वविजेत्या स्त्रीला मात्र ऑलिम्पिकसाठी दुसऱ्या प्रकाराची वाट धरणे भाग होते. ती वाट थ्री पोझिशन्सची : गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तिन्ही आसनांत नेम धरण्याची. थ्री पोझिशन्समध्येही पुरुषांना 120 गोळ्या आणि स्त्रियांना 60 अशी विभागणी वर्षानुवर्षे चालू होती. ऑलिम्पिकमध्ये ती टोकियोत प्रथमच संपली आणि स्त्रियांनाही 120 गोळ्या आल्या. पुढे पॅरिसपर्यंत दोघांसाठीही 60 गोळ्या झाल्या. म्हणजे चाळिसाव्या वर्षी पहिल्या ऑलिम्पिकला गेलेल्या या खेळाडूपुढे गोल्ड कोस्टच्या तुलनेत प्राथमिक फेरीतली दुप्पट मजल होती. तिथले त्यांचे 1200 पैकी 1154 गुण आणि 33 वा क्रमांक आपण या पार्श्वभूमीवर वाचतो का? आमच्या मते वाचत नाही. आपण 33 हा आकडा तेवढा वाचतो आणि पान उलटतो.

स्त्रियांचे प्रकार वेगळे आणि आखूड ठेवण्याचा हा इतिहास रंजक आहे. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशन्स हा प्रकार स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होता. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण समान झाले. नियमांच्या बारकाव्याने सुवर्ण बॅशमला मिळाले, तेव्हा त्याने राष्ट्रगीताच्या वेळी मर्डॉकला हाताला धरून सर्वोच्च पायरीवर आपल्याजवळ उभे केले. पुढे 1984 पासून स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकार आले. त्यातून अधिक स्त्रियांना संधी मिळाली हे खरे; पण प्रकार कोणते आणि गोळ्या किती, हे ठरवणाऱ्यांनी स्त्रीचा आवाका आधीच कमी धरला हेही तितकेच खरे. बायथलॉनचीही कथा निराळी नाही. पुरुषांचे बायथलॉन ऑलिम्पिकमध्ये 1960 साली आले, स्त्रियांचे 1992 साली. मध्ये बत्तीस वर्षे गेली. नॉयनर आणि डालमायर यांच्या आधीच्या पिढ्यांतील ज्या मुली बर्फावर उत्तम धावत होत्या आणि उत्तम नेम धरत होत्या, त्यांच्या कारकिर्दी कुठल्याच यादीत नाहीत.

आता भाषेकडे वळू. पदक मिळाले की मराठीत जे शब्द धावून येतात त्यांची ओळख वाचकांना करून द्यायला नको. सुवर्णकन्या, रणरागिणी, सावित्रीची लेक, जिजाऊची वाघीण, मातीतले सोने. या शब्दांमागचा जिव्हाळा आम्ही नाकारत नाही. परंतु त्यांच्यात दोन गोष्टी सामाईक आहेत. पहिली अशी की स्त्री त्यांत सदैव कन्या किंवा लेक असते. चाळिशीची, वीस वर्षे आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेली, जगातील आपल्या विद्येची अधिकारी व्यक्ती आपल्या मथळ्यांत 'कोल्हापूरची लेक' असते. लेक म्हटले की कौतुक करता येते. तिचे मत विचारावे, तिच्याकडून काही शिकावे, असे मात्र वाटत नाही. शास्त्रीय गायिकेला आपण एका वयानंतर 'ताई' म्हणतो, 'माई' म्हणतो, तिच्या घराण्याची चर्चा करतो. नेमबाजीचेही महाराष्ट्रात एक घराणे आहे. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत, 2004 च्या अथेन्समध्ये अंतिम फेरीत गेलेल्या सुमा शिरूर, तिथेच खेळलेल्या आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या दीपाली देशपांडे, मग तेजस्विनी सावंत, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरलेल्या कोल्हापूरच्याच राही सरनोबत. 2024 साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळे यांना थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळाले तेव्हा त्यामागे दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन होते. पुरुषाच्या पदकामागे स्त्रीची गुरुपरंपरा उभी आहे, ही आपल्या सांस्कृतिक इतिहासातील दुर्मीळ गोष्ट. संगीताच्या बाबतीत यावर परिसंवाद झाले असते. इथे आपण 'सुवर्णकन्या' म्हणून थांबतो.

दुसरी सामाईक गोष्ट म्हणजे या सर्व शब्दांत युद्ध आणि चमत्कार आहे, अभ्यास नाही. रणरागिणी आवेशाने तलवार चालवते. नेमबाजाला आवेश चालत नाही. आवेश आला की गोळी वर्तुळाबाहेर गेलीच. ज्या कौशल्याचा गाभाच शांतपणा आहे त्याचे वर्णन आपण रणघोषाच्या शब्दांत करतो. म्हणजे शब्द केवळ जुनाट आहेत असे नसून चुकीचे आहेत. गंमत अशी की योग्य शब्द आपल्या परंपरेत मुबलक आहेत. एकाग्रता, धारणा, अभ्यास, निश्चय, स्थैर्य ही सारी परिभाषा मराठी संतसाहित्य शिकलेल्या कोणत्याही पदवीधराला परिचित आहे. ती आपण खेळाकडे नेली नाही, कारण खेळ हा आपल्या लेखी अभ्यासाचा विषयच नव्हता.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की वीररसाच्या भाषेने मुलींना स्फूर्ती मिळते. ती काढून घेऊन तुम्ही रोजच्या सरावाची रटाळ हकिगत देणार, ती कोण वाचणार? दुसरा असा की खेळाची प्रतवारी आकडे करतात, तिथे साहित्याच्या माणसांनी नाक खुपसण्याचे कारण नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर आम्हाला आमच्याच परिसरात सापडते. नांदेडला काय किंवा लातूरला काय, पहाटे बाहेर पडणाऱ्याला मैदानांवर आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मुली दिसतात. त्या पोलीस भरतीची तयारी करत असतात. 800 मीटर आणि 100 मीटर धावणे व गोळाफेक ही त्यांची मैदानी चाचणी. धाव आणि फेक अशा दोन परस्परभिन्न कसोट्या एकाच शरीराला द्यायला लावणारे हे आमच्या भागाचे बायथलॉनच म्हणायचे. त्यातल्या कित्येकींचा नेम वर्षानुवर्षे चालतो, कारण भरती कधी निघेल याचा नेम नसतो. या मुलींना कोणी खेळाडू म्हणत नाही. त्यांना रणरागिणीची स्फूर्ती पुरेशी मिळालेली आहे. व्याख्याने त्यांनीही ऐकली आहेत. त्यांना हवे आहे ते वेगळेच. तिसऱ्या वर्षी, दुसऱ्यांदा काही गुणांनी मागे राहिल्यावर, काय करायचे? घरात लग्नाचा विषय निघाला की सराव कसा सांभाळायचा? दुखावलेला गुडघा किती दिवस थांबवायचा? याची उत्तरे विजयाच्या क्षणाच्या वर्णनात नाहीत. 2010 ते 2018 या आठ वर्षांच्या तपशिलात ती असू शकतात. विश्वविजेतीलाही वाट पाहावी लागली, आणि त्या वाट पाहण्यात तिने सराव सोडला नाही, हे कळणे ही रटाळ हकिगत नव्हे. आमच्या विद्यार्थिनींसाठी ती सर्वांत उपयुक्त कथा ठरेल.

शिवाय 'रटाळ' म्हणून ज्याची हेटाळणी होते त्याचे लेखन मराठी स्त्रीने पूर्वीच करून दाखवले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'पर्यंत मराठी स्त्रियांची आत्मकथने रोजच्या जगण्याच्या तपशिलावर उभी आहेत. चूल, पाणी, भूक, घर सांभाळणे, माणसे जोडणे यांतून त्यांनी एक एक काळ उभा केला. ज्या भाषेने स्वयंपाकघरातील आणि वस्तीतील श्रमाला साहित्यात जागा दिली, तिला शूटिंग रेंजवरील श्रमाचे वावडे का असावे? मराठीत क्रीडालेखन झाले नाही असे आमचे म्हणणे नाही. वि. वि. करमरकर यांच्यासारख्या संपादकांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले, हे ऋण मोठे आहे. पण पान ही बातमीची जागा. बातमीला दिवस असतो, कारकिर्दीला वर्षे लागतात. ती वर्षे लिहिण्याचे काम चरित्राचे, आत्मकथनाचे, निबंधाचे. म्हणजे आपल्या इलाख्यातले.

दुसऱ्या आक्षेपाविषयी : आकडे प्रतवारी करतात हे मान्य. परंतु आकड्यांना अर्थ देणारी चौकट भाषा पुरवते. 33 वा क्रमांक म्हणजे अपयश, की अकरा वर्षांच्या प्रयत्नांती उघडलेले दार? हा निर्णय गुणफलक करत नाही. आमच्या लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. 'लातूर पॅटर्न' या नावाने आमचे शहर राज्यभर ओळखले जाते. निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. त्या पॅटर्नने अनेक सामान्य घरांतील मुलामुलींना डॉक्टर-इंजिनिअर केले, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण फलकावर क्रमांक असतो, प्रवास नसतो. जो फलकावर नाही त्याने काही केलेच नाही, असा एक मुका निवाडा त्यातून पसरतो. दहावी-बारावीच्या वर्षात 'आता खेळ बंद' हे वाक्य जेवढ्या सहजपणे मुलींना ऐकवले जाते, तेवढ्या सहजपणे ते दुसरे काहीही बंद करत नाही. एकदा तुटलेला नेम पुढे फार थोड्या जणींना जुळवता येतो. क्रमांकाच्या पलीकडचे वाचायला शिकवणे हे साहित्याच्या वर्गाचे काम नसेल तर दुसऱ्या कोणत्या वर्गाचे आहे?

नांदेडचे एक उदाहरण देणे येथे अवश्य वाटते. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव या एफ 34 गटातील गोळाफेकपटू. 2021 च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्या सातव्या आल्या. मे 2024 मध्ये कोबे येथील जागतिक स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. 28 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासह भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता. पुढे स्पर्धेत त्या पाचव्या आल्या. या गटात खेळाडू आसनावर बसून गोळा फेकते. पायांचा जोर नाही, सारी ताकद कंबरेच्या वरची. कोबेला त्यांची फेक 7.56 मीटर होती, पॅरिसला 7.28. या 28 सेंटिमीटरांत काय घडले असेल? आसनाची बांधणी, खांद्याचा थकवा, त्या दिवशीचा वारा, की मोठ्या व्यासपीठाचा ताण? त्यांच्याविषयीचे कौतुक-लेखन 'जिद्द' या शब्दापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जिद्द खरीच आहे. पण जिद्दीला तंत्र असते, वेळापत्रक असते, आहार असतो, मदतीला माणसे असतात. ते लिहिले नाही तर जिद्द ही दैवी देणगी वाटू लागते, आणि ज्यांना ती देणगी लाभली नाही त्यांच्यासाठी समाजाने काही करण्याची गरज उरत नाही.

त्यागकथांचेही असेच होते. आईने दागिने मोडले, वडिलांनी कर्ज काढले, मुलीने उधारीच्या साधनांवर सराव केला. अशा कथा आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. त्या बहुधा खऱ्या असतात. परंतु त्या सांगताना एक प्रश्न आपण विचारत नाही : दागिने मोडावे का लागले? नेमबाजी हा महागडा खेळ आहे. रायफल, जाकीट, गोळ्या, रेंज, प्रवास, सगळ्याला पैसा लागतो. आमच्या महाविद्यालयांत एन.सी.सी.च्या छात्रसैनिक मुली .22 रायफलने गोळीबाराचा सराव करतात. अंजली भागवत यांनाही नेमबाजीची गोडी एन.सी.सी.तून लागली होती. म्हणजे पहिली पायरी मराठवाड्यातही आहे. दुसरी पायरी कुठे आहे, हा प्रश्न त्यागकथा ऐकून कोणी विचारत नाही, कारण त्यागाने तो सुटला आहे असा भास निर्माण होतो. कोल्हापुरात एकामागून एक नेमबाज घडले, तिथल्या मुलींनी आपल्याच गावातील बाईला जिंकताना पाहिले. त्यांच्यासाठी नेमाला भरवशाची जोड मिळाली. ती जोड नांदेड-लातूरच्या मुलीला मिळायची तर आधी तिची मागणी नेमक्या शब्दांत मांडावी लागेल. कौतुकाच्या शब्दांत मागणी मांडता येत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आणि आमच्याच आवाक्यातली आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. या जिल्ह्यांतील मराठी विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांसाठी आपापल्या तालुक्यातील स्त्री-खेळाडूंच्या कारकिर्दी हा विषय घ्यावा. जिंकलेल्यांच्या तर घ्याव्याच, शिवाय राज्यस्तरापर्यंत जाऊन थांबलेल्यांच्याही घ्याव्यात. त्यांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत नोंदवाव्यात. सराव किती वाजता, मैदान किती लांब, बूट कुणी घेतले, खेळ कोणत्या वर्षी सुटला आणि का, हे विचारावे. एकाच साच्याचे प्रबंध एकाच कवीवर पुन्हा पुन्हा लिहिले जातात, त्याऐवजी हे लेखन भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासात खरी भर घालील. अशा वीस-पंचवीस कारकिर्दी एकत्र आल्या तर मैदान, वसतिगृह आणि प्रशिक्षक यांची मागणी करणाऱ्या कोणत्याही अर्जाला त्यांचा आधार देता येईल.

तेजस्विनी सावंत यांची कारकीर्द आम्हाला महत्त्वाची वाटते ती म्युनिकच्या एका दिवसामुळे, आणि त्याहून अधिक त्या दिवसाच्या अलीकडच्या-पलीकडच्या वर्षांमुळे. आपला प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही हे ठाऊक असताना त्या दुसऱ्या प्रकारात उतरल्या, तीन ऑलिम्पिक डोळ्यांदेखत जाऊनही त्यांनी रायफल खाली ठेवली नाही, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये दोहा येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी टोकियोसाठी स्थान मिळवले. या वर्षांना नाव द्यायला आपल्याकडे 'सुवर्णकन्या' हा शब्द अपुरा आहे. 'नेम' हा शब्द पुरेसा आहे, त्याचे तिन्ही अर्थ एकदम वापरण्याची तयारी असेल तर. लक्ष्य खेळाडू ठरवते आणि नित्यक्रम तीच सांभाळते. भरवसा पुरवणे हे बाकीच्यांचे काम आहे, आणि त्या बाकीच्यांत लिहिणारे व शिकवणारेही येतात.